क्लासला गेल्या सासूबाई

परवा वर्ध्याला मी पुन्हा आजी झाले... धाकट्या मुलाला मुलगी झाली! जावळ तर एवढं दाट आहे की विचारू नका. पेढे सगळ्यांना पोचतील, सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत तर पोचलेसुद्धा.

सूनबाई दवाखान्यात कॉटवर बसून मजेत सांगत होती, आई, मी बाळंतपणाचा क्लास केला होता ना, म्हणून घाबरले नाही. मुलगाही तिच्यासोबत क्लासला जायचा बरं का. उशी पोटाला बांधून बसवलं होतं म्हणे त्याला... मी हसले खूप. मग घरी आल्यावर एकटीच बसले आणि का कोण जाणे, डोळ्यात पाणी आलं.

कारण असा क्लास आमच्या वेळीही होता. तुम्हाला खोटं वाटेल, पण होता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, पुलगावची. आमचे हे तिथे कापडाच्या मिलमध्ये होते आणि मला पहिल्यांदा दिवस गेले होते.

दर बुधवारी दुपारी एक नर्सबाई यायच्या. समाजमंदिरात सतरंजी टाकून गरोदर बायांना शिकवायच्या... श्वास कसा घ्यायचा, कळ खरी कोणती, खोटी कोणती, जोर कधी लावायचा. फुकट होतं सगळं.

पण आमच्यात पहिलटकरणीची बातमी सातव्या महिन्यापर्यंत घराबाहेर काढत नसत. सासूबाईंची पहिली दोन लेकरं वाचली नव्हती, त्यामुळे त्या नजरेला फार भ्यायच्या. चार बायांत पोट घेऊन बसायचं म्हणजे काय! म्हणून माझ्या ऐवजी त्याच गेल्या.

आता सासू क्लासला गेली म्हणजे सूनच गरोदर, हे गल्लीला कळत नव्हतं का? कळत होतं. पण दिसत तर नाही ना... नजर डोळ्यांनी लागते, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या एकट्या नव्हत्या, सतरंजीवर निम्म्याहून जास्त सासवाच असायच्या.

शेजारची काकू एकदा ओट्यावरून ओरडली, "काय वं माय, या वयात तुले कितवा लागला?" सासूबाई चालता चालताच म्हणाल्या, "सातवा लागला, बारशाले येजो!" अख्खी गल्ली हसली.

नर्सबाई बिचाऱ्या दर वेळी सांगायच्या, आजी, सुनेला पाठवा. यांचं उत्तर ठरलेलं, "तिले काऊन त्रास देता? मी सांगीन न तिले घरी."

घरी येऊन सांगायच्याही. पालेभाजी खाय, पाण्याची गुंडी उचलू नको, डाव्या कुशीवर झोप. पण श्वासाचं आणि कळांचं विचारलं की म्हणायच्या, "ते वेळेवर सांगीन. आत्तापासून भेव कायले घालून घेतं डोक्यात?" मलाही वाटलं, बरोबरच आहे, वेळेला त्या असतीलच की.

आता गंमत बघा... गंमत कसली म्हणा. पहिलं बाळंतपण माहेरी. हे काय आम्हाला नवीन होतं? पण एवढ्या बुधवारांत आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही. सातव्यात ओटी भरली, भाऊ न्यायला आला. पुलगावहून आर्वीपर्यंत ती छोटी रेल्वेगाडी (बैलगाडी बरी इतकी हळू), पुढे एसटीने तळेगाव. मी माहेरी पोचले आणि सगळा क्लास पुलगावलाच राहिला.

कळा सुरू झाल्या तेव्हा माझ्याजवळ आई आणि एक म्हातारी सुईण. माझी आई फार मायाळू, पण घाबरट. पहिल्या कळेपासून तिचं एकच, "लाव जोर, बाई, लाव!" मी लावत राहिले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत... नंतर अंगात काही उरलंच नाही. बाळ हलेना, आई रडायला लागली.

शेवटी कोणाची तरी जीप मिळाली आणि आर्वीला नेलं. चिमटा लावून मुलगी काढली. ती काही वेळ रडलीच नाही. तो वेळ मी आजही कोणाला नीट सांगू शकत नाही... मग रडली. डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या, एवढ्या लवकर जोर लावायला कोणी सांगितलं होतं?

बारशाला सासूबाई तळेगावला आल्या. आईने सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, नातीच्या कपाळावरची ती चिमट्याची खूण बोटाने कुरवाळत होत्या. मग माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच करून दाखवायला लागल्या... असा घ्यायचा श्वास, असा लांब सोडायचा, जोर तर शेवटीच लावायचा. सगळं पाठ होतं त्यांना. मध्येच थांबल्या.

"शिकली मी, न भोगलं तुनं," म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, आता मी स्वतःच जाते. तर क्लास बंद झाला होता. गरोदर बाया येतच नाहीत, म्हणून.

सासूबाईंवर राग मी कधीच धरला नाही. उन्हातान्हात, लोकांची थट्टा ऐकत, माझ्यासाठीच जात होत्या त्या. एक हळहळ मात्र जात नाही... दर बुधवारी त्या चपला घालून निघायच्या, मी दारात उभी राहून त्यांना जाताना बघायची. दोघींनी मिळूनही जाता येतं, हे ना त्यांना सुचलं, ना मला.