उस्तादांचा पाव फेरा

माझ्या वडिलांना अख्खा रस्ता उस्ताद म्हणतो. मी बाबा म्हणते, पण खरं सांगायचं तर हा माणूस घरातही गॅरेजमध्ये असल्यासारखाच वागतो. पंखा कुरकुरला की आधी डोळे मिटून ऐकणार, मग स्टूल मागवणार. एकदा मी शिंकले तर म्हणाले, ‘दोन आल्या, तिसरी अडकलीय.’ आणि ती आली, हे आणखी वाईट.

चाळीस वर्षं त्यांनी मोटरसायकली दुरुस्त केल्या. गाडी चालू करायची, टाकीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नव्हतं. उस्ताद बोलले की शिकणाऱ्याने ‘हो’ म्हणायचं, एवढाच त्या गॅरेजचा कायदा. एका पोराने कधीतरी ‘मला वाटतं प्लग नसावा’ एवढंच म्हटलं, तर त्याला तिथल्या तिथे हात धुऊन घरी जायला सांगितलं. तो आता पडदे विकतो, आणि चांगले विकतो.

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा बाबांनी गॅरेज त्यांच्या सगळ्यात जुन्या शिष्याच्या हाती सोपवलं. त्याला मी लहानपणापासून दादा म्हणते. आता तो पंचेचाळीशीचा बाप्या आहे, पण बाबा समोर आले की अजूनही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. बाबांकडे उरली एकच गाडी, त्यांची स्वतःची सव्वीस वर्षांची मोटरसायकल. ती मी चालवते.

माझं काम असं, की भल्या सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि साडेनऊच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. माझे सगळे पेशंट बारा तास उपाशी बसलेले असतात. उपाशी माणसाकडे दहा मिनिटं उशिरा जाऊन बघा, मग कळेल शांत स्वभाव कशाला म्हणतात ते.

तर गेल्या महिन्यात गाडी बंद पडायला लागली. चालताना नाही हं, चालताना झकास. सिग्नलला उभी केली, ॲक्सिलरेटर सोडला की दोन-चार उचक्या द्यायच्या आणि गप्प. मागचे लोक हॉर्न वाजवताहेत, मी किकवर उड्या मारतेय, पेटीत नमुने हिंदकळताहेत. बरं, रोज बंद पडली असती तरी एक वेळ चाललं असतं. दोन दिवस बंद पडायची, तिसऱ्या दिवशी अशी साळसूद, की मलाच वाटावं मी खोटं बोलतेय.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘त्याला हात नाही.’ त्याला म्हणजे दादाला. ‘मी असतो तर एका मिनिटात काढलं असतं,’ असंही म्हणाले आणि फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. गाडी पुसणं हा त्यांचा संध्याकाळचा उद्योग. मी कामावरून आले की किल्ली घ्यायची, गाडी चालू ठेवायची आणि पुसायची. मी आत तोंड धूत असायची.

दादाकडे गेले. त्याने वाकून पाहिलं, काहीतरी पिळलं आणि म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी असेल. टाकी धुतली. चार दिवसांनी पुन्हा तेच, तर प्लग बदलला. मग कार्ब्युरेटर खोलून साफ केला. मग म्हणाला, कुठूनतरी हवा घेतेय, आणि इंजिनाजवळचा रबरी जोड बदलला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमधून निघताना सुरेख चालायची आणि दोन-चार दिवसांत माझा अपमान करायची. पाचव्या वेळी तो म्हणाला, हवामान. मी म्हटलं, दादा, आता गाडीची दृष्ट काढायची तेवढी राहिली. तो हसलाही नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शेवटी लॅबच्या मॅडमनी बोलावलं. एका पतपेढीतल्या चौदा जणांचे नमुने सोमवारी घ्यायचे होते. त्या शांतपणे म्हणाल्या, सोमवारी उशीर झाला तर तुझा रूट दुसऱ्या मुलीला देईन. रूट गेला म्हणजे नोकरी गेली. बाबांचं औषध, घरभाडं, सगळं त्या रूटवर चालतं. बाबांना ते सांगितलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही हे कबूल करते.

पण रक्त तपासणाऱ्यांच्या संगतीत राहून एक सवय लागते. लक्षण दिसलं की तारीख लिहायची. गाडी कधी कधी बंद पडली ते मी वहीत टिपत होते. शनिवारी दुपारी जेवताना वही समोर होती आणि भिंतीवर बाबांचं कॅलेंडर. गुडघा ज्या दिवशी जास्त दुखला त्या दिवसावर ते फुली मारतात, डॉक्टरांना दाखवायला. मी सहज वहीतल्या तारखा पाहिल्या, कॅलेंडर पाहिलं, आणि घास तोंडातच राहिला. ज्या संध्याकाळी फुली, तिच्या दुसऱ्या सकाळी गाडी ठणठणीत. ज्या संध्याकाळी गुडघा बरा, तिच्या दुसऱ्या सकाळी मी सिग्नलवर. म्हणजे बाबांना खाली बसता आलं की माझी गाडी आजारी.

तडक गॅरेजमध्ये गेले आणि वही दादाच्या पुढ्यात टाकली. त्याने ती वाचलीसुद्धा नाही. पान्याकडे बघत म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उभ्या गाडीचं इंजिन किती हळू चालावं ते एका स्क्रूवर ठरतं, त्याला हे लोक स्लो म्हणतात. तो स्लोचा स्क्रू दर वेळी बरोबर पाव फेरा सैल. तो हात मी ओळखतो, म्हणाला. गाडी नवी होती तेव्हा ती इतकी सावकाश चालायची की ठोके मोजता यायचे. उस्ताद तिला अजून तसंच लावतात. तू रोज घरी जाताना इथे थांबतेस तेव्हा मी तो गुपचूप आवळून ठेवतो, संध्याकाळी ते पुन्हा सैल करतात. संध्याकाळी गरम इंजिन कसंबसं तग धरतं, सकाळी थंड इंजिन मान टाकतं. झिजलीय ती आता.

मी म्हटलं, अरे मग हे सांगायचं सोडून माझे प्लग काय बदलत बसलास? तो म्हणाला, उस्तादांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मला असा संताप आला की पाना त्याच्याच डोक्यात घालावा. म्हटलं, जाऊ दे, मीच सांगते.

घरी आले तर बाबा बादली पालथी घालून गाडीपाशी बसले होते. तळहात टाकीवर, डोळे मिटलेले. मला म्हणाले, ‘ऐक. मोजून घे ठोके.’ चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मी निमूट उभी राहून वीसपर्यंत मोजले आणि आत जाऊन रडले. दादाला नावं ठेवणारी मी, माझीही तीच गत.

रविवारी संध्याकाळी मी दादाला घरी ओढून आणलं. दारातच बजावलं की उद्या माझी नोकरी जातेय, आज तू बोललास तर बोललास. बाबा गाडीपाशीच होते. दादाने हात पाठीमागे बांधले. मी म्हटलं, दादा गाडी बघायला आलाय. बाबा म्हणाले, बघण्यासारखं काही उरलेलं नाही, मी लावलीय. दादा खाली बसला, स्क्रू पाव फेरा आवळला आणि उठला. बाबांनी टाकीवर हात ठेवला.

‘जास्त आहे,’ ते म्हणाले.

दादाचे हात पुन्हा पाठीमागे गेले. ‘नाही उस्ताद,’ तो म्हणाला. ‘बरोबर आहे. तुम्ही लावता तो कमी पडतो. गाडीला आता तेवढं झेपत नाही.’

मी डोळे मिटून घेतले.

‘कधीपासून माहीत आहे तुला?’ बाबांनी विचारलं.

‘पहिल्या दिवसापासून.’

‘आणि तुला गं?’

‘कालपासून,’ मी म्हटलं.

बाबा भडकले, पण भलत्याच गोष्टीवर. पोरीची नोकरी जायची वेळ आली आणि तुम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून बसलात, म्हणाले. ती बिचारी गाडी रोज बंद पडून सांगत होती, तुम्हाला तोंडं असून सांगता आलं नाही? ‘एक शब्द बोलला असतात तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?’

खरं उत्तर हो असं होतं आणि ते द्यायची प्राज्ञा आम्हा दोघांचीही नव्हती.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे. ‘खाल्लं असतं,’ ते स्वतःच म्हणाले आणि गाडी बंद केली.

सोमवारी गाडी एकदाही बंद पडली नाही आणि चौदाच्या चौदा नमुने सव्वानऊला लॅबमध्ये होते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला चुटपुट लागेल. पण त्या रविवारी संध्याकाळी उठायचं कोणी नाव घेईना. बाबा बादलीवर बसून बोटांवरचं होतं नव्हतं ते ग्रीस फडक्याने काढत राहिले. मग मान वर न करता त्यांनी दादाला विचारलं, ‘गॅरेजमध्ये असताना असं किती वेळा गप्प बसलास?’

‘जाऊ द्या ना, उस्ताद.’

‘सांग. मला ऐकायचंय.’

दादाने पाठीमागचे हात सोडले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात संपला. त्याने जरा विचार केला आणि दुसरा हात वर काढला. बाबा त्याच्या बोटांकडे टक लावून बघत होते, आणि मला माझ्या बापाचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

‘चहा ठेव गं,’ ते मला म्हणाले. ‘आणि याला स्टूल आणून दे. वेळ लागणार आहे.’