मास्तरांनी मोडलेला सौदा

उमाळकर मास्तर गेल्याची बातमी मला सरकीच्या ढेपेचा भाव ठरवताना कळली. अमरावतीहून आलेला ट्रकवाला पोती उतरवता उतरवता, रस्त्यात खड्डे फार आहेत म्हणावं तसं बोलून गेला, "तुमचे ते मास्तर गेले जी परवा. लय दिवसाचे खोकून राह्यले होते." समोर मूर्तिजापूरचं गिऱ्हाईक बसलं होतं. मी सौदा थांबवला नाही. त्याने भाव पाडून मागितला, मी नाही म्हटलं, त्याने पुन्हा मागितला, मी पुन्हा नाही म्हटलं, आणि शेवटी माझ्याच भावाने माल गेला. मग गादीवरून उठून मागच्या गोदामात गेलो. तिथे कोणी नव्हतं... एवढंच सांगतो.

अमरावतीला त्यांची शोकसभा झाली. मी गेलो होतो. मास्तरांचे तीन विद्यार्थी बोलले, एक तार खात्यातला, एक रेल्वेतला, एक स्वतःच मास्तर झालेला. चांगलं बोलले. कापसाच्या जिनात मजुरी करणाऱ्या पोरांना मास्तरांनी टपालाने शिकवून मॅट्रिक केलं, हेही एकाने सांगितलं. पण अकोल्याच्या आगीचं नाव कोणी काढलं नाही. माझ्या भावाचं, सुदामचंही नाव कोणी काढलं नाही, आणि तो तिथेच मागच्या सतरंजीवर हात उपरण्यात गुंडाळून बसला होता. मला कोणी बोलायला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी जे बोललो असतो ते इथे लिहितो. त्या माणसाशी मी आठ-नऊ वर्षं एक शब्द बोललो नव्हतो, हे वाचणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरजवळ. जमीन काळी, पण थोडी, आणि घरात खाणारी तोंडं जास्त. म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की अर्धं घर अकोल्याला जिनात कामाला निघायचं, ते होळीनंतर परतायचं. मी असाच पोत्यांचा बारदाना उचलता उचलता सरकीच्या धंद्यात शिरलो. सुदाम माझ्याहून बराच लहान, डोक्याने तल्लख. त्याला अमरावतीला शाळेत घातलं होतं. पण वडील खाटेला खिळले तेव्हा त्यालाही दिवाळीनंतर जिनात यावं लागलं. त्याच्यासारखी आणखी तीन पोरं होती. शाळा दिवाळीपर्यंत, मग कापूस, मग परीक्षा बुडाली, मग शाळाच सुटली.

मास्तर त्या शाळेत गणित शिकवायचे. दिवाळीनंतर बाकं रिकामी झालेली त्यांच्या आधीच्या मास्तरांनीही पाहिली असतील, पण रिकाम्या बाकाच्या मागे आगगाडीत बसून अकोल्यापर्यंत कोणी आलं नव्हतं. हे आले. जिनाच्या फाटकाशी टोपी हातात धरून उभे, अंगावर रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा, भुगा बसलेला. मला म्हणाले, "तुम्ही सुदामचे वडीलबंधू ना? त्याला बाहेरून मॅट्रिकला बसवायचं आहे. धडे मी टपालाने पाठवीन."

"कोणत्या पत्त्यावर पाठवसान?" मी विचारलं. "हे पोट्टे बारदान्यावर झोपते. पोस्टमन इथं फाटकाच्या आत येत नाही, अन् आला तर मुनीम चिठ्ठ्यांच्या पुड्या बांधते."

"तुमच्या पत्त्यावर पाठवतो."

"अन् मले काय भेटन?"

मास्तर गोंधळले. त्यांना वाटलं मी पैसे मागतो आहे. खिशात हात घालू लागले. मी हसलो. "राहू द्या जी. माझ्या भावाचा धडा सर्वात वर ठेवत जा. त्याचा पहिले तपासा. एवढाच भाव."

"तसं नाही करता येणार," ते म्हणाले. "चौघांचे सारखेच तपासले जातील."

माझ्या उभ्या आयुष्यात फुकटच्या मालावरही घासाघीस करणारा हा पहिला माणूस. मला तो आवडला. का आवडला ते तेव्हा कळलं नाही, आणि पुढे राग आल्यावर तर विचारच केला नाही.

मग दर आठवड्याला माझ्या खोलीवर जाड पाकीट यायचं. आत चौघांसाठी चार धडे, कार्बन लावून मास्तरीणबाईंच्या हातचे, खाली प्रश्न. मी ते जिनात पोचवायचो, पोरांची उत्तरं रिकाम्या पाकिटात घालून परत धाडायचो. तांबड्या शाईत शेरे यायचे. जिन चालू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, तिथली माणसं हाताच्या खुणांनी बोलतात. या पोरांनी त्या खुणांत बीजगणित घुसवलं. एक जण या टोकाला बोटं नाचवायचा, दुसरा त्या टोकाहून उत्तर द्यायचा. मुनीम मला म्हणाला, "गणपत, तुझा भाऊ संपाची खलबतं करून राह्यला." मी म्हटलं, "वर्गमूळ काढून राह्यला लेकाचा. तुमाले निघते का?" तेवढे एक-दोन महिने बरे गेले. माझ्या घरात कोणी मॅट्रिक होईल अशी गोष्ट मी तोवर मनातही आणली नव्हती. आता आणू लागलो. सुदामला पुढे कचेरीत चिकटवायचं, पांढरा सदरा घालायला लावायचा, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

थंडीत मास्तर पुन्हा आले, ते हातात नवा कंदील घेऊन. पोरं म्हणे मिणमिणत्या उजेडात डोळे फोडून घेतात. मी तिथल्या तिथे सांगितलं, "मास्तर, जिनात कंदील? इथं बिडी ओढली तर हाकलते." ते म्हणाले, "फाटकाबाहेर बसतील, रस्त्याकडेला." मीही पोरांना बजावलं. पण पौषातली थंडी... पोरं फाटकाबाहेरून भिंतीआड आली, भिंतीआडून रुईच्या शेडच्या पडवीत आली. एका संध्याकाळी दिवेलागणीला वाऱ्याने रुईचा पुंजका उडाला आणि तापल्या काचेवर बसला. तेवढंच पुरतं. तिघे पळाले. सुदाम पळाला नाही. त्याने बारदाना घेऊन आग बडवली, बारदानाच पेटला, मग हातांनी बडवली. कापसाची एक गंजी जळाली, बाकी जिन वाचलं. माझ्या भावाचे हात गेले. तुटले नाहीत, पण बोटं आत वळून एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

आता सौद्याचं सांगतो. कंदिलाने आग लागली हे मला माहीत होतं, जिनाच्या मॅनेजरला माहीत होतं. पण मी आणखी एक गोष्ट पाहून ठेवली होती. आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्या, सगळ्या रिकाम्या होत्या. आणि विम्याचा माणूस यायचा होता, त्याला हे कळतं तर जिनाचे विम्याचे पैसे बुडाले असते. मी मॅनेजरसमोर बसलो. आवाज चढवला नाही, त्यानेही नाही. ठरलं असं, की मशीनचं बेरिंग तापून ठिणगी पडली. बादल्यांचं मी बोलायचं नाही. चौघांचं काम राहील, सुदामच्या औषधपाण्याचं जिन बघेल, आणि मार्चमध्ये परीक्षेपुरती चौघांना सुटी. आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले, त्याच्यापेक्षा चांगला केला नाही. विम्याचा माणूस आला, मॅनेजर बेरिंगचं सांगू लागला, तो मान हलवून लिहू लागला... आणि दारात उमाळकर मास्तर. कोणाकडून तरी कळलं, तसे पहिल्या गाडीने निघून आलेले. नमस्कार करून सरळ म्हणाले, "कंदील माझा होता. मीच मुलांना दिला. दोष असेल तर तो माझा धरा."

मॅनेजरचा चेहरा मी विसरणार नाही. जे मागायची त्याची छाती नव्हती ते त्याला फुकट मिळालं. बाहेरचा माणूस, बाहेरचा कंदील. संध्याकाळच्या आत चौघांना फाटकाबाहेर काढलं, आणि अकोल्यातल्या दुसऱ्या कोणत्याही जिनाने त्यांना दारात उभं केलं नाही. मी बादल्यांचं ओरडून सांगितलं. तोवर बादल्या भरल्या होत्या.

रस्त्यात मी त्यांना गाठलं. "काहून बोलले तुमी मधात?"

"खरं होतं ते, गणपत."

"खऱ्याचा भाव कोण पुसला होता तुमाले?"

"मुलांना मी प्रमेय शिकवतो. पहिली ओळ खोटी मांडली तर खालचं सगळंच..."

"प्रमेय तुमच्या घरी, मास्तर. आमच्या घरी हात लागते."

माझं त्यांच्याशी ते शेवटचं बोलणं.

हे सगळं लिहिताना त्यांच्या बाजूचंही लिहिलं पाहिजे, नाहीतर माप मारल्यासारखं होईल. त्यांनी चौघांना अमरावतीला स्वतःच्या दोन खोल्यांत नेऊन ठेवलं. मास्तरीणबाईंनी चार परकी तोंडं जेवू घातली, सुदामला तर हाताने भरवलं. जिनाचे मालक शाळेच्या कमिटीवर होते. वर्षाच्या आत मास्तरांना शाळेतून काढलं. पुढे ते घरोघर शिकवण्या करत फिरले आणि त्यातच खोकला धरला. तिघे पास झाले. सुदामसाठी त्यांनी लेखनिक मागितला होता. पण वऱ्हाड नुकतंच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं होतं, अर्ज कोणत्या कचेरीत मंजूर व्हायचा हे एकाही कारकुनाला सांगता येईना. परीक्षेचा दिवस आला, मंजुरी आली नाही. सुदाम प्रत्येक पेपरला आत गेला, प्रश्न वाचले, उत्तरं मनात सोडवली आणि कोरा पेपर देऊन बाहेर आला. मी त्याला अकोल्याला घेऊन आलो, दुकानात वजनं पुकारायला बसवलं आणि सांगितलं, या घरात मॅट्रिकचं नाव काढायचं नाही. त्याने काढलं नाही. रविवारी अमरावतीला जायचा. कोणाकडे ते मला माहीत होतं. कशाला जातो ते मी विचारलं नाही.

शोकसभेनंतर आठवड्याभराने, सकाळी दुकान उघडायच्या आधी, सुदाम माझ्यासमोर येऊन बसला. दातांत धरून आणलेली कापडाची एक लांब पट्टी त्याने गादीवर टाकली. धोतराची किनार होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. शेजारी एक पेन.

"दादा, बांध," म्हणाला.

"काय बांधू?"

"पेन. असं आंगठ्याच्या अंगानं ठेव अन् मनगटापासून गुंडाळत ये. मास्तर बांधून देत जात. आता कोण बांधन?" मग खाली बघून म्हणाला, "मार्चात बसतो आहे. आता तीन तासांत पेपर पुरा होते माझा. पयले होत नव्हता."

एक पेपर पुरा करण्याइतका हात चालायला त्याला एवढी वर्षं लागली होती, आणि तेवढे रविवार मास्तर घड्याळ घेऊन त्याच्यासमोर बसले होते. मी पट्टी उचलली. मला एकच गाठ येते, पोत्याची. ती आवळली तसा तो कळवळला.

"एवढं नको. सैल बांध. रक्त फिरलं पाह्यजे, मास्तर म्हनत."

मास्तरांनी त्या दिवशी तोंड उघडायला नको होतं, हे मी आजही म्हणतो, आणि मरेपर्यंत म्हणेन. पण रोज सकाळी ती पट्टी मी बांधतो. गाठ मारून वर बघतो. सुदाम हात थोडा हलवून पाहतो आणि रोज तेच म्हणतो, "अजून थोडी सैल, दादा."