गळ सोडलेल्या माणसाबरोबर कलघटगीच्या तळ्यावर

हा प्रवास ठरला तो एका इंग्रज माणसाच्या ब्लॉगमुळं. पुण्यात, बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत मी तो वाचत होते. हा गृहस्थ विमानानं भारतात आला, गाडी करून कावेरीकाठी पोचला, दहा दिवस तंबूत राहिला, वाटाड्याला, स्वयंपाक्याला, परवान्याला, सगळ्याला पैसे मोजले. दहा दिवसांत त्याला एकच मोठा महशीर मासा लागला. त्यानं त्याचा फोटो काढला आणि त्याला परत नदीत सोडून दिलं. खाली कुठकुठल्या देशांतल्या लोकांनी लिहिलं होतं, ‘नशीबवान आहेस बाबा.’ मी मोठ्यानं हसले आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, कारण हे सगळं कुठलाही ब्लॉग न वाचता हुबळीत वर्षानुवर्षं केलेला एक माणूस मला माहीत आहे. माझे अप्पा.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं दोरखंडाचं दुकान आहे. पणजोबा निपाणीकडून आले आणि इथलेच झाले. घर इतकं शाकाहारी की अंड्याचं टरफलही उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. तरी दुकानात उजव्या हाताच्या खणांत मासे धरायचे गळ, नायलॉनची तंगूस दोरी, शिशाच्या गोळ्या आणि तरंगे. अप्पा दर रविवारी पहाटे काठी घेऊन धारवाडच्या केलगेरी तळ्यावर जायचे. मासा घरी आणायची सोय नाही, म्हणून धरायचे आणि सोडून द्यायचे. बाजारात थट्टा व्हायची, “अण्णा, पाहुण्याला दारापर्यंत बोलवायचं आणि परत पाठवायचं, ही कुठली रीत?” मला त्यांनी कधी नेलं नाही. पोरीच्या जातीला तळ्यावर काय काम, असा तो काळ. ते परत आले की त्यांच्या हाताला पाण्याचा वास यायचा. मी मुद्दाम तो हात धरून बसायची.

मग शहाण्णव साली आई-अप्पा काशी-गया करून आले. गयेला गेलं की एखादी गोष्ट कायमची सोडायची, त्याला आमच्याकडं गयावर्जन म्हणतात. व्यवहारी माणसं नावडती भाजी सोडून येतात. आमच्या काकांनी सुरण सोडला, जो त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. अप्पांना तिथल्या गुरुजींनी विचारलं, सर्वांत प्रिय काय? या भोळ्या माणसानं खरं सांगून टाकलं. गळ. झालं! दुकानात गळ विकायचे, कारण तो धंदा. पण पाण्याकाठी काठीला हात लावायचा नाही, कारण ती हौस, आणि सोडली ती हौस. आई अजून कपाळावर हात मारते.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. अप्पा आता चौऱ्याहत्तरचे. गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. आणखी दोन वर्षांनी त्यांना तळ्याचा उतार उतरणं जमायचं नाही, हे मला दिवाळीतच दिसलं होतं. मला त्यांना एकदा पाण्याकाठी बसलेलं बघायचं होतं. खरं सांगायचं तर मला माझे राहून गेलेले रविवार हवे होते.

मी फोन केला. “अप्पा, कावेरीवर जाऊ या?”

“खुळी झालीस काय? गयेला सोडलंय मी.”

“काठी मी धरते. तुम्ही नुसतं बसायचं. बघणं कुठं सोडलंय?”

पलीकडं दुकानातला खण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “कावेरी नको, लांब आहे. केलगेरीला जाऊ. बसायला काय हरकत नाही.”

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाची गाडी पकडली. आता पुणे-हुबळी हमरस्ता रुंद झालाय. निपाणीच्या पुढचा तवंदी घाट पूर्वी पोटातलं ढवळून काढायचा, आता झोपेत निघून जातो. बेळगावला गाडी थांबली की कुंदा घ्यावा, पण उपाशीपोटी खाऊ नये. मी खाल्ला आणि कित्तूरपर्यंत पस्तावले. दुपारी हुबळी. घरी न जाता आधी दुकानात गेले, कारण शनिवारची दुपार म्हणजे हौशी मंडळींची खरेदीची वेळ.

रेल्वे वर्कशॉपमधले दोघं, शाळेतले एक मास्तर आणि तारिहाळच्या कारखान्यात लेथवर काम करणारा मंजुनाथ उभे होते. मंजुनाथ गिऱ्हाईकही आणि पुरवठादारही. उरलेल्या तारेपासून तो काठीला लावायच्या कड्या बनवतो आणि अप्पा त्या विकायला ठेवतात. अप्पा प्रत्येकाला विचारत होते, उद्या कुठं, मागच्या रविवारी काय लागलं, वारा कुठला होता? ऐकताना त्यांचा हात काउंटरवर, काठी उचलावी तसा, आपोआप मनगटातून उचलला जायचा. मला ते बघवेना.

गर्दी ओसरल्यावर मी त्यांना नेटवर वाचलेलं सगळं सांगितलं. स्कॉटलंडमध्ये नदीच्या काठावर उभं राहायचा हक्कच दिवसाच्या भाड्यानं देतात. न्यूझीलंडला लोक ट्राउट माशासाठी समुद्र ओलांडून जातात. कॅनडात लहान विमानं थेट तळ्यावर उतरतात. अमेरिकेत गळ टाकायच्या परवान्याचा पैसा नद्या राखायला आणि मत्स्यबीज सोडायला वापरतात. आणि आपल्या कावेरीवर पूर्वी सुरुंगानं मासे मारणारी काही माणसं आता त्याच माशांची राखण करतात, त्यावरच त्यांची चूल पेटते.

अप्पांनी खणातून गळांची जुनी पेटी काढली. वर लिहिलं होतं, नॉर्वे. “हे मी चाळीस वर्षं बघत आलोय,” ते म्हणाले. “तिकडं कोणीतरी गळ करतो, इकडं मंज्या कडी करतो, मी विकतो, केलगेरीवर गंगव्वा चहा करते, बसवाला तिकीट फाडतो. आणि हे कशावर? एका माशावर, तो पण लागला तर! मासा बाजारात विकला की एकदाच विकला गेला बघ. पाण्यात ठेवला तर दर रविवारी विकला जातो.” अर्थशास्त्रातली पदवी माझ्याकडं आहे, त्यांच्याकडं नाही, याची गंमत वाटली.

रविवारी पहाटे आईनं जोंधळ्याच्या भाकरी, शेंगाचटणी आणि दही बांधून दिलं. देताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “त्यांना काठी देऊ नकोस हं. वर्जन मोडलं तर रात्री झोपणार नाहीत.” हुबळी-धारवाड बस दर पाच-दहा मिनिटांनी असते, उणकल, नवनगर करत पाऊण तासात पोचते. धारवाडहून केलगेरीला रिक्षा करावी. तळ्यावर आठ-दहा माणसं आधीच बसलेली, काठ्या पुढं, तोंडं बंद. अप्पा उतरले आणि पाणी दिसल्याबरोबर त्यांनी चप्पल काढली, देवळात काढतात तशी.

“अण्णावरु बंदरु!” चहाच्या गाड्यामागून गंगव्वा ओरडली. अण्णा आले! सगळी तोंडं वळली. “एष्ट वर्ष आत री?”

“बारा,” अप्पा म्हणाले.

गंगव्वानं चहा दिला, गरम गिरमिट आणि वर दोन मिरच्या दिल्या. कुरमुऱ्याचं हे गिरमिट हुबळी-धारवाडला येऊन खाल्लं नाही तर येणं फुकट. रविवारी या मंडळींमुळं होतो तेवढा धंदा तिचा बाकीच्या दिवसांत मिळून होत नाही. “तुम्ही यायचं सोडलं, मग वर्कशॉपचे चौघं पण सुटले,” ती कानडीत अप्पांना म्हणाली. “तुमच्या नादानं यायचे.” अप्पांनी आणखी एक चहा सांगितला.

मी कणकेत शेंगपेंड कालवून गळाला लावायची गोळी केली. अप्पांनी ती नापास केली. पुन्हा केली, पुन्हा नापास. दुपारपर्यंत मी तीन गळ गवतात अडकवले, एकदा स्वतःची ओढणी धरली आणि माशाचं शेपूटही पाहिलं नाही. ऊन चढल्यावर सगळे उठले. अप्पा उठेनात. “गर्दी लई असते आता इथं,” म्हणाले. “कलघटगीच्या पुढं एक केरे आहे, जंगलाच्या कडेला. उद्या जाऊ.” केरे म्हणजे तळंच. माझं परतीचं तिकीट सोमवारचं होतं. मी ते मंगळवारचं केलं आणि बँकेत ताप आल्याचं कळवलं.

सोमवारी मंजुनाथच्या कारखान्याला सुट्टी असते, म्हणून तोही आला. दिवसभरासाठी एक म्हातारी अँबॅसिडर ठरवली. कारवार रस्त्यानं कलघटगी तासाभरावर. गावात तळ्याच्या ठेकेदाराच्या माणसाकडून काठीमागं पावती फाडून घ्यावी, उगाच वाद नको. त्यापुढचा रस्ता मातीचा, गाडीचा आणि माणसांचा सांधा न् सांधा मोजणारा. तळं मात्र असं की पोचल्यावर तिघंही बघत उभे राहिलो. पलीकडच्या काठाला साग, बगळे, आणि पाण्यावर वाऱ्याची बारीक सुरकुती.

अप्पा एका दगडावर बसले, मी त्यांच्या पायाशी. मी फायबरची काठी टाकली, तरंगा उभा राहिला. मंजुनाथ बांधावरून पलीकडच्या कोपऱ्यात गेला. तासभर काही नाही. अप्पा हळूच बोलू लागले, तरंग्यावरची नजर न काढता.

“वैजू, तुला न्यायला पाहिजे होतं लहानपणी.”

“आता आणलंय की.”

“तू दारात उभी राहायचीस. मला दिसायचं. लोक काय म्हणतील म्हणून नाही नेलं.” थोडं थांबून म्हणाले, “आणि गयेचं पण खरं सांगतो. सोडलं ते सोडलं. पण बारा वर्षांत एक रविवार असा नाही गं, की पहाटे जाग आली नाही.”

मी काही बोलणार तोवर तरंगा गेला. हलला नाही, थरथरला नाही, सरळ खाली गेला. काठी माझ्या हातातून निसटता निसटता वाचली आणि रिळातून दोरी कर्रकर्र पळायला लागली.

“टोक वर! टोक वर धर! ओढू नको, जाऊ दे त्याला!”

टोक वर जाईना. मासा गवताकडं निघाला होता. मला काठी पेलवत नव्हती, पाय चिखलात सरकत होते. अप्पा दगडावरून उठले होते, गुडघे विसरून. त्यांचा हात पुढं आला, काठीच्या मुठीपासून चार बोटांवर. तिथंच थांबला. मी त्या हाताकडं बघितलं. लांबून मंजुनाथ धावत येत ओरडत होता, “बिडब्याड्री अक्का, बिडब्याड्री!” सोडू नका, सोडू नका.

मग अप्पांनी मागून माझं मनगट धरलं.

काठीला त्यांचं नखही लागलं नाही. त्यांनी माझं मनगट वर नेलं, काठी वर गेली. मनगट सैल केलं, मी दोरी सैल केली. दाबलं की मी गुंडाळायची, बोटं उघडली की जाऊ द्यायचं. ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मला सगळं कळत होतं. मासा पाण्यात वळायचा, तेव्हा त्यांच्या छातीतला श्वास माझ्या पाठीला लागायचा. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. शेवटी एक रोहू काठाशी आला, हातभर लांब, तांबूस खवल्यांचा, दमलेला.

मंजुनाथ पोचला. मासा बघून त्याचे डोळे लकाकले, त्याच्या घरी दोन वेळचं कालवण झालं असतं. “अक्का, सोडणार?” त्यानं विचारलं. अप्पा म्हणाले, “तिचा मासा आहे, तिला विचार.” मी मंजुनाथची माफी मागितली. अप्पा सांगत गेले तसा मी गळ काढला, मासा दोन्ही हातांनी पाण्यातच धरला. “तोंड पुढं. घाई नको. त्याचा तो निघेल.” अप्पांनी कष्टानं खाली बसून माझ्या हाताशेजारी पाण्यात बोटं बुडवली. एक हिसका बसला आणि मासा गेला. अप्पा गढूळलेल्या पाण्याकडं बघत बसले, बोटं तशीच पाण्यात.

परतीच्या गाडीत अप्पांनी हळू आवाजात विचारलं, “वैजू, मोडलं का गं?”

“माझं मनगट सोडायचं कुठं ठरलं होतं गयेत?”

ते हसले, आणि कलघटगी येईपर्यंत अधूनमधून हसतच होते. आईनं दारातच त्यांचे हात हुंगले आणि माझ्याकडं रागानं बघितलं. त्यांनी काठी धरली नाही हे मी शपथेवर सांगितलं तेव्हा कुठं जेवायला वाढलं.

मंगळवारी पुण्याला परत. कोणाला जायचं असेल तर जानेवारी बरा, टोपी न्यावी, केलगेरीवर गंगव्वाकडं चहा घ्यावा, कारण तिचा संसार तुमच्या-आमच्या या रिकामपणावर उभा आहे. जगात या छंदावर किती घरं चालतात हे मी वाचलं होतं. तो एखाद्या माणसाला कसा चालवतो आणि नसला की कसा थांबवतो, ते मला माझ्याच घरात बारा वर्षं दिसलं नव्हतं.

बुधवारी कामावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, हाताला काय झालं? मनगटावर बोटांचे निळे ठसे उमटले होते, चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या. मी बाही खाली ओढली आणि दिवसभर मधूनमधून वर करून बघत राहिले. गुरुवारी ते पिवळे पडले. रविवारी पहाटे मला आपोआप जाग आली, दिवा लावून बघितलं तर काही नव्हतं. मी दुसऱ्या हातानं तेच मनगट घट्ट धरून बघितलं. कितीही आवळलं तरी तो जोर काही येईना.