परक्या देवीची ओटी

अथेन्समध्ये लेकीच्या घरी सकाळी खिडकी उघडली की आमच्या वरूडचा वास यायचा. रस्त्याच्या दोन्ही कडांना संत्र्याची झाडं, आणि त्या दिवसांत ती फुलांनी नुसती पांढरी झालेली. आमच्या बागेत बहार फुटला की असाच वास घरभर भरतो. डोळे मिटून उभी राहिले की मी नेमकी कुठं आहे हे मला कळत नसे, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नसे.

मी लेकीला परत न्यायला गेले होते. वरवर म्हणायचं तर भेटायला, चार जुनी ठिकाणं बघायला. मनात मात्र परत न्यायचं, एवढंच. शिकायला म्हणून गेली ती तिथंच नोकरीला लागली, आणि दर वेळी फोनवर ‘पुढच्या वर्षी येते’ म्हणायची. यंदा तिनं तेही म्हणायचं सोडलं. मी रोज विचारायला तोंड उघडायची आणि भाजीत मीठ बरोबर पडलं का, एवढंच विचारायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, “आई, उद्या आपून एका देवीच्या देवळात जाऊ. धान्याची देवी हाये.”

देवी म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसं जायचं? आमच्याकडच्या अंबादेवीला जाताना करते तशीच तयारी केली. लेकीसाठी आणलेला खण, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. नारळ काही मिळाला नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक टपोरं डाळिंब घेतलं. काठाची साडी नेसले. जीन्स घातलेली पोरगी माझ्याकडे बघून हसली.

बसनं एलेफ्सिना गावी उतरलो. देऊळ म्हणून जे होतं त्याला ना छप्पर ना भिंती. उन्हात पसरलेले दगड, तुटके खांब, मधूनमधून लाल रानफुलं आणि पलीकडे निवांत समुद्र. घंटा नाही, गुरव नाही. तरी मी चपला काढल्याच. दगड कोमट होते. का कोण जाणे, त्यांच्यावरून जाताना झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

“देवी कुठं हाये?” मी विचारलं.

“मूर्ती काई उरली नाई. पण ही विहीर पाह्य. तिची पोरगी हरवली तवा ती इथं बसून रडली म्हणतात.”

एवढा पत्ता मला पुरे होता. विहिरीच्या काठावर खण पसरला, तांदूळ, हळकुंड, सुपारी घातली, वर डाळिंब ठेवलं आणि हात जोडले. तेवढ्यात शिट्टी वाजली. राखणीची बाई तरातरा आली, माझ्याच वयाची. डाळिंब बघून तिनं कपाळावर हात मारला.

“आई, काहून डाळिंबच आणलं तू!” लेक म्हणाली, आणि मग तिनं मला गोष्ट सांगितली. पाताळाच्या राजानं या देवीची पोरगी पळवली. देवीनं पिकंच बंद केली, तेव्हा कुठं तो तिला सोडायला तयार झाला. पण निघण्याआधी पोरीनं तिथल्या डाळिंबाचे चार दाणे खाल्ले होते. तिथलं अन्न पोटात गेलं की तिथलंच व्हावं लागतं. म्हणून काही महिने आईकडे, बाकीचे तिकडे.

म्हणजे ज्या फळानं देवीची लेक नेली तेच मी तिच्या ओटीत घातलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. तिची लेक निदान काही महिने तरी येत होती. आमच्या विदर्भाची राजकन्या अंबादेवीच्या देवळातूनच देवाबरोबर रथात बसून गेली. पुढं ती माहेरपणाला कधी आली, ते काही कुणी सांगत नाही.

एव्हाना राखणीची बाई निवळली होती. लेक तिच्याशी हात नाचवत भराभर बोलत होती, अगदी तिथलीच असल्यासारखी. मग माझ्याकडे वळली. “आई, बाई विचारते, तू देवीले काय मागितलं?”

इतके दिवस अडलेलं तोंडातून निघून गेलं. “सांग तिले, माही पोरगी घरी परत येऊ दे म्हणलं.”

 लेकीनं खाली बघत त्या भाषेत एकच वाक्य सांगितलं. बाईनं ओटीचं गाठोडं बांधून माझ्या हातात दिलं आणि माझा हात दाबला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “काय सांगितलं तू तिले?”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. “सांगितलं, माही पोरगी जिथं हाये तिथं सुखात राहू दे.” मग हळूच म्हणाली, “दुसरं माह्या तोंडून निघालंच नाई, आई.”

मी भरल्या बसमध्ये रडले. लाज वाटली नाही. तिनं माझा हात धरला. रडता रडता मनात आलं, त्या देवीला वऱ्हाडी कुठून कळणार? तिला समजलं असेल ते पोरीनं तिच्या भाषेत सांगितलेलंच. मग मी हात सोडवून घेतला, दोन्ही हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, पोरीनं सांगितलं तेच धर, माय.