वाळूवर चढणारं जहाज आणि पडवीतलं पान

अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची सालं काढायला बसले होते. रात्रभर भिजलेला दाणा चिमटीत दाबला की आतली डाळ टचकन बाहेर उडते. अर्धं पातेलं झालं होतं, अर्धं राहिलं होतं, तेवढ्यात भीमसेन आला. भीमसेन म्हणजे आमच्या ह्यांचा चुलतभाऊ. उदबत्तीच्या कारखान्याचा माल घेऊन समुद्रकाठची गावं फिरतो. एरवी "वैनी, कापी ठेवा" असं गल्लीतूनच ओरडत येतो. त्या दिवशी गप्प आत आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"नरसिंहाचं जहाज वाळूत रुतलंय," म्हणाला. "कारवारच्या अलीकडे. बसमधून डोळ्यांनी पाहिलं. पुढचं तोंड फुटून दोन बाजूंना दोन पाखं झाल्यात, आतलं पोट दिसतंय. कोळ्यांना नाव विचारलं. सुसरच म्हणाले."

मामंजी आत पंचांग घेऊन बसले होते, ते दारात आले. त्या दिवसांत सगळं बेंगळूर घाबरलेलं होतं. पौष अमावास्येला आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार, जग बुडणार, असं जो तो बोलत होता. कोपऱ्याकोपऱ्यावर होम चालू होते. आमच्या चामराजपेठेतली दोन घरं कुलूप लावून मूळगावी गेली होती, जसं काही मूळगाव वेगळ्या पृथ्वीवर आहे.

"आठ ग्रह मकरेत," मामंजी म्हणाले, "आणि पोराचं जहाज सुसर." एवढं बोलून उंबऱ्यावरच बसले. उंबऱ्यावर बसू नये हे त्यांनीच मला शिकवलेलं.

रोजच्या वहीत मी चार ओळींवर कधी लिहीत नाही. पण नरसिंहाबद्दल चार ओळींत भागणार नाही, म्हणून हे सविस्तर.

नरसिंह माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा बारा वर्षांचा होता, म्हणून भावजी वगैरे कधी तोंडात बसलं नाही. सासूबाई आधीच गेलेल्या. वेद शिकायला म्हणून निघायचा आणि केंपांबुधी तळ्यात पोहून यायचा. केस वाळवून घरी यायचा, पण डोळे लाल असत. मामंजी, म्हणजे भीमाचार्य, मठात पुराण सांगतात. त्यांच्या मुलाने संध्येपुरतं पाणी हातात घ्यावं, हा लाटांवर जायचं म्हणे. पन्नास साली नौदलात गेला तेव्हा मामंजींनी त्याच्याशी भांडण केलं नाही. बोलणंच बंद केलं.

सुसर हे जहाज महायुद्धात गोऱ्यांनी रणगाडे किनाऱ्यावर उतरवायला बांधलेलं. युद्ध संपलं, मग ते आपल्याकडे आलं. नरसिंह म्हणे, "वैनी, दिसायला मुळीच चांगलं नाही. तळ सपाट, चाल बैलाची, लाट आली की पळीसारखं हलतं. पण त्याला बंदर लागत नाही." माणसं, गाड्या, धान्य, काय म्हणाल ते पोटात घालून जायचं. त्रेपन्न साली त्याच जहाजातून पूर्व बंगालहून घरदार सोडून आलेली कुटुंबं अंदमानात वसायला नेली. ती खेप करून नरसिंह रजेवर आला, तेव्हा मामंजींनी मला एवढंच सांगितलं, "त्याचं पान पडवीत."

समुद्र ओलांडलेल्याने आमच्या पंगतीत बसायचं नाही. रीत जुनी आहे, मी ती मोडणारी कोण. आतल्यांना मडीत, म्हणजे सोवळ्यात, वाढून व्हायचं, मग शेवटी पडवीत त्याचं पान. तोवर सार निवून जायचं, म्हणून मी त्याच्यापुरतं निखाऱ्यावर ठेवत असे. तो कधी कुरकुरला नाही. "सरी वैनी, बरंय की, इथं वारा येतो," म्हणायचा. पुढे प्रत्येक रजेला तेच. तांब्याभर पाणी त्याने आत आणून ठेवलं तर मामंजी ते झाडाला घालीत. रागावून नव्हे. अगदी हळू, एकेका झाडाला. ते बघून नरसिंह झाडांच्या फुलांची चौकशी करायचा, "अप्पांच्या हातानं बाग बरी वाढलीय की."

गेल्या डिसेंबरात गोवा मोकळं झालं, त्यात सुसरही होतं. समोरचे प्रतापराव म्हैसूरच्या पलटणीतले निवृत्त सुभेदार. ते पेढे घेऊन आले. "आचार्य, आमच्या सात पिढ्या घोड्यावर गेल्या. तुमच्या घरातून जहाज निघालं. आता मिशा तुम्ही ठेवा, मी काढतो." मामंजींनी पेढा नुसता देवापुढे ठेवला. पण त्या दिवशी पुराण सांगून उशिरा परतले, आणि ह्यांनी मला नंतर सांगितलं की सेतुबंधाचा अध्याय नसताना मामंजींनी सेतुबंधच सांगितला.

आणि आता ही बातमी.

ह्यांनी लगेच जाऊन तार केली. मामंजी देवघरात प्राणदेवापुढे, म्हणजे मारुतीपुढे, उभे राहिले. मी दाराशी होते, त्यांनी मला बघितलंही नसेल. मोठ्याने म्हणाले, "प्राणदेवा, तू समुद्र ओलांडलास तेव्हा तुला कुणी अडवलं नाही. माझं पोर सुखरूप घरी आण. त्याच्या शेजारी बसून पारणं करीन. तोवर अन्न नाही."

दूध आणि केळं, एवढ्यावर राहिले. वय सत्तरीचं. पंचांग मिटून ठेवलं होतं. तारेचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं : सुखरूप, रजेवर निघतोय. मी भात टाकू का विचारलं, तर म्हणाले, "कागद सुखरूप आहे. माणूस दारात दिसू दे."

अष्टग्रहीच्या दुसऱ्या दिवशी घोड्याच्या जटक्यातून नरसिंह उतरला. जग बुडालं नव्हतं. दूधवाल्याने रोजच्यासारखंच पाणी घातलं होतं. मामंजी पडवीतच बसून होते. मुलाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठं लागलं नाही ना?"

"मला? काय झालं मला?"

ह्यांनी भीमसेनाची बातमी सांगितली, फुटलेलं तोंड, वाळू, सगळं. नरसिंह ऐकता ऐकता हसायला लागला. हसत हसत ट्रंकेवर बसला.

"अण्णा, ते तोंड फुटलेलं नव्हतं. उघडलेलं होतं. तेच आमच्या जहाजाचं दार. दोन पाखं बाजूला होतात, मधून फळी खाली येते आणि गाड्या थेट वाळूवर उतरतात. रुतलंही नव्हतं. आम्ही मुद्दाम चढवतो."

"मुद्दाम?" मामंजी म्हणाले.

"मुद्दाम, अप्पा. दुसऱ्या जहाजाला वाळू लागली की मरण. आमचं तेच काम." त्याने विहिरीच्या रहाटाकडे बोट केलं. "किनारा जवळ आला की पिछाडीचा नांगर समुद्रात सोडायचा. त्याला असाच रहाट, तो माझ्याकडे असतो. पोलादी दोर सोडत सोडत जहाज पुढे जातं, वाळूवर नाक टेकतं. माल उतरला की तोच दोर ओढायचा. नांगर तिकडे घट्ट, जहाज मागे येतं. नांगर लवकर सोडला तर दोर पुरत नाही. उशिरा सोडला तर ओढायला जोर नाही. मग बसा कोळ्यांची करमणूक करत."

मामंजींचं लक्ष आता पुरतं लागलं होतं. "भरती बघून जात असाल."

"बघूनच. अमावास्या-पुनवेला पाणी फार चढतं. त्या भरतीच्या माथ्यावर चढलं आणि निघायला चुकलं, तर पुढच्या पक्षापर्यंत तेवढं पाणी परत येत नाही."

"म्हणजे तुमच्या कप्तानाकडे पंचांग असतं."

"असतं की. त्यात राहुकाळ तेवढा नसतो."

मामंजी हसले. मी पाठमोरी होते, पण ऐकलं. पारण्याचा स्वयंपाक तयार होता. तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे संकट नव्हतंच. मग नवस कसला? अप्पा उगीच उपाशी राहिले. पुराण सांगणाऱ्याने समुद्र ओलांडलेल्याच्या शेजारी पान घेतलं हे मठात कळलं, तर पुराण दुसऱ्याकडे जाईल. आत दोन पानं मांड, पडवीत एक."

ह्यांचं चुकत होतं असं नाही. मठातलं पुराण हाच मामंजींचा श्वास. मी पानं हातात घेऊन तशीच उभी.

"त्रिविक्रमा," मामंजी ह्यांना म्हणाले, "बातमी खोटी निघाली म्हणून देवाला दिलेला शब्द खोटा होत नाही. नरसिंह माझ्या शेजारी बसेल."

नरसिंह उठला. त्याने चेहरा पुसला. "नको अप्पा. मी पडवीतच बसतो."

"का?"

"मी बुडत नव्हतो. काम करत होतो. बुडता बुडता वाचला म्हणून पान द्याल, तर पुढच्या रजेला मी पुन्हा पडवीत. बुडालो असं समजून मिळालेलं पान माझ्या घशाखाली उतरणार नाही."

"मग कसं मिळालेलं उतरेल?"

नरसिंह म्हणाला, "अंदमानच्या खेपेत एक म्हातारे आचार्य होते, बंगालचे. सगळं घर मागे राहिलेलं. गळ्यात एक पिशवी, तिच्यात शाळिग्राम. जहाजातलं अन्न त्यांनी शिवलं नाही, चुरमुरे खाऊन राहिले. पण पूजेला पाणी हवं. समुद्राचं खारट. आम्हाला माणशी मोजून गोडं पाणी मिळायचं, त्यातलं मी रोज सकाळी त्यांना तांब्याभर द्यायचो."

मामंजी पुढे झुकले. "तुझ्या वाटणीचं?"

"हो."

"तुझ्या हातचं पाणी त्यांनी देवाला घातलं?"

"घातलं. रोज. तीर्थ मलाही दिलं. मी समुद्र ओलांडला तेव्हा देवही ओलांडत होता, अप्पा. आमच्याच जहाजातून."

प्रतापरावांच्या घरातून रेडिओ ऐकू येत होता. मामंजी उठले, नरसिंहाने जटक्यातून उतरताना आणलेला प्रवासातला तांब्या ट्रंकेजवळ होता, तो उचलला आणि घोटभर पाणी प्यायले.

"देवाला चालतं ते मी झाडांना घालत होतो," म्हणाले. मग मला, "अनुसूया, तिन्ही पानं आत. नवसासाठी नाही. हा आमच्या घरचा आहे आणि चांगलं काम करून आलाय, म्हणून."

"आणि मठात?" ह्यांनी विचारलं.

"मठात मी सांगेन. त्यांनी ऐकलं तर पुराण सांगेन, नाही तर घरी सांगेन. ऐकायला प्रतापराव येतील, मिशांसकट."

आंघोळ करून नरसिंह मुकटा नेसून बसला. पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, एकही मंत्र अडला नाही. वरणासारखं तव्वे, आमटीसारखी अवरेची हुळी, डाळीची कोसंबरी, गव्हल्यांची खीर. मामंजींनी पहिला घास घ्यायच्या आधी त्याच्या पानावर बघितलं आणि मला म्हणाले, "त्याला सार गरम वाढ." मी म्हटलं, "आज सगळ्यांचंच गरम आहे." हे खाली बघून जेवत होते, पण दुसऱ्यांदा खीर त्यांनीच नरसिंहाला आग्रहाने वाढायला लावली. भाऊ आहे, कितीही झालं तरी.

माझ्या माहेरी पुरोहित, सासरी पुराणिक. आमच्या दोन्ही घरांत आजवर देवाला पाणी घालणारे पुष्कळ झाले. पण उसळत्या समुद्रात स्वतः तहानलेला राहून परक्याच्या देवाला पाणी देणारा एकच, आणि तो माझ्या हातचं जेवून मोठा झालेला. हे लिहिताना अभिमान वाटतो, आणि देवाने तो माफ करावा असंही वाटत नाही.

जेवणं झाली. मामंजींनी उपरणं खांद्यावर टाकलं, मठात सांगायला निघाले. नरसिंह चपला घालून मागे जायला लागला, तर त्याला थांबवलं.

"तू नको. माझं मी बघतो. तू के. आर. पुरमला जा. भीमसेनाने तुझ्या पद्मावतीमावशीलाही तीच बातमी सांगितलीय. तीही अन्न सोडून बसलीय."

नरसिंह मावशीला आपण जिवंत आहोत हे सांगायला के. आर. पुरमच्या गाडीला गेला.