चूक अंगावर घेणारी बाई

मुळशी धरणाकाठच्या आमच्या रिसॉर्टवर कंपन्यांच्या मीटिंगा भरवणारी एक बाई पुण्याहून येते. तिला खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवते तीही उभ्यानं, पाहुण्यांचं आटोपल्यावर. कुणाचा चहा गार झाला तरी म्हणते, "सॉरी, चूक माझी." इतकी नम्र माणसं मला पटत नाहीत.

मागं एकदा मी जनरेटरमध्ये डिझेल भरायचं विसरलो. लाईट गेली आणि कंपनीच्या साहेबांचा माइक भाषणात मध्येच बंद पडला. साहेब खवळले, तर ही पुढं होऊन म्हणाली, "चूक माझी." म्हटलं, आता ही याच्या बदल्यात काहीतरी मागणार. पुढच्या दोन मीटिंगांत तिनं काहीच मागितलं नाही, तेव्हा मला जास्तच संशय आला. शेवटी मीच विचारलं, "मॅडम, चूक माझी व्हती. तुमी कशाला अंगावर घेतली?"

"दादा, तुमचं नाव सांगितलं असतं तरी बोलणी मलाच खावी लागली असती. मग उगाच वेळ कशाला घालवायचा?"

आता मीटिंगआधी मी डिझेलची टाकी दोनदा बघतो. माझी पाठ वळली, की ती झाकण उघडून तिसऱ्यांदा बघते.