बॅग आधी निघाली

मी देवासला पोहोचलो तेव्हा माझ्या भाचीची बॅग प्रवासाला निघून गेली होती. भाची घरीच होती.

झालं होतं असं, की केतकीला गुजरातमधल्या एका विद्यापीठात सुरक्षा आणि गुन्हेशास्त्र या विषयाला प्रवेश मिळाला होता. हजर होण्याची शेवटची तारीख नेमकी अमावास्येची. आता माझ्या मेहुण्यांचं घराणं पूर्वी कधीतरी मराठी दरबाराबरोबर माळव्यात आलेलं. आपण महाराष्ट्रात टाकून दिलेल्या यच्चयावत रूढी या मंडळींनी फडक्यात बांधून जपल्या आहेत. त्यातलीच एक ‘प्रस्थान’. चांगल्या दिवशी आपलं सामान, त्यात हळकुंड-सुपारी घालून, वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. देवाच्या लेखी आपण निघालो. मग अंगाने कधीही निघा. अट एकच: ठेवलेलं सामान परत घरी येता कामा नये. आलं, की जाणं मोडलं.

तर केतकीची चाकांची बॅग धारला, तिच्या आत्याकडे, प्रस्थान करून बसली होती. आता भाचीला पोहोचवायला मामा हवा म्हणून पुण्याहून माझी आयात झाली होती.

देवासला पहिलं दर्शन टेकडीचं. वर दोन देव्या, खाली एके काळी दोन राजे: थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन संस्थानं.

“मामा, तेव्हाच्या चोरांची काय मजा असेल,” केतकी म्हणाली. “चोरी करायची आणि रस्ता ओलांडून परदेशी जायचं.”

सकाळी तिने मला पोहे खायला नेलं. माळव्यात पोह्यांवर शेव आणि जीरावन (एक आंबट-तिखट मसाला) भुरभुरतात आणि शेजारी जिलेबी ठेवतात. आरोग्याचा विषय कुणी काढत नाही. दुकानातला कॅमेरा गणपतीच्या तसबिरीकडे तोंड करून होता. केतकीने तरुण मालकाला कारण विचारलं.

“पहले गल्ले पे था, दीदी,” तो कढईकडे बघत म्हणाला. “पिताजी को घर बैठे सब दिख जाता था.”

गल्लीतले शेजारी या शिक्षणावर फार खूश होते. एकाने विचारलं, “मुलगी एटीएमबाहेर बंदूक घेऊन बसणार का?” दुसऱ्याने आपल्या हरवलेल्या चपलांची केस लगेच तिच्या हवाली केली. केतकी सगळ्यांना शांतपणे सांगे, “चोर शोधायचा नसतो हो. चोरी सोपी कशामुळे झाली, ते शोधायचं असतं.” ऐकणारा मान डोलवी आणि भाऊजींकडे सहानुभूतीने बघे.

भाऊजी म्हणजे माझे मेहुणे. कारखान्यात नोकरी, स्वभाव साबुदाण्यासारखा मऊ. एकुलत्या एका मुलीला आयुष्यात ‘नाही’ म्हटलेलं नाही. “मेरेको क्या दादा, मी तर खूश आहे,” असं त्यांनी मला पोह्याआधी सांगितलं, पोह्यानंतर सांगितलं आणि गाडीची डिकी बंद करतानाही सांगितलं. एवढा खूश माणूस मी यापूर्वी फक्त दंतवैद्याच्या बाकावर पाहिला होता.

माझी बहीण नंदा दारातून हात हलवत राहिली आणि आम्ही तिघं इंदूरवरून धारला गेलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधे आमची गाडी, आणि गाडीत खूश भाऊजी. बेत सोपा होता. एक रात्र धारला राहायचं, दुसऱ्या संध्याकाळी तिथूनच मी आणि केतकीने गुजरातची बस पकडायची. बस पोहोचेल त्या दिवशी ती हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार.

धारला भाऊजींच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्कांनी, दारातच आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आक्का शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण शाळेला अजून खात्री नसावी. भाऊजींना त्यांनीच वाढवलं. घराला कुलूप नाही, नुसती कडी. देवघराखाली केतकीची बॅग सुतळीने आवळलेली, वर अक्षता.

“सगळं रीतीने झालं पाहिजे,” आक्का म्हणाल्या. “मग चोरांच्या शाळेत जा, नाहीतर पोलिसांच्या.”

मला केतकीने आधीच बजावलं होतं, “मामा, माझा यावर विश्वास नाही. पण मी भांडून, पळून गेल्यासारखी नाही जाणार.”

दुसऱ्या सकाळी भाऊजींनीच आग्रह धरला, की मांडू बघून या. स्वतःचा मात्र गुडघा धरला होता. गाडी केतकीने चालवली. मांडूला इतके महाल पडून आहेत, की उभा असलेला महाल दिसला तर संशय यावा. आम्ही जहाज महालात जहाज शोधलं, ‘मांडू की इमली’ (गोरखचिंच, आतून भुरकट आणि आंबट) चोखली, आणि एकामागून एक दरवाजे बघत फिरलो.

“एवढे दरवाजे असूनही लोक आत शिरलेच ना?” केतकीने गाइडला विचारलं.

“दरवाजे तो पक्के थे, मॅडम,” तो म्हणाला. “खोलने वाले अंदर के निकलते हैं.” बहुधा हे तो सगळ्यांनाच सांगत असावा.

दाल-बाफले (तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, नंतर माणूसही बुडतो) खाऊन आम्ही परतलो. आक्का नुकत्याच शेजारच्या भजनातून आल्या होत्या आणि देवघरासमोर उभ्या होत्या. चांदीची समई जागेवर. देव जागेवर. बॅग गायब.

“मेल्यांनी प्रस्थान चोरलं!” आक्का ओरडल्या. दोन मिनिटांत गल्ली आत आली. कुणी भंगारवाल्याचं नाव घेतलं, कुणी नव्या भाडेकरूचं. भाऊजी कॉटवर गाढ झोपेत घोरत होते. गाढ झोपलेला माणूस इतका तालात घोरत नाही.

केतकीने गल्लीचे आभार मानून तिला बाहेर काढलं आणि दार लावलं.

“कोण वाईट, ते विचारायचं नाही आत्या. कुणाला सोपं होतं आणि फायदा कुणाचा, एवढंच बघायचं.”

“तुझ्या पंजाबी ड्रेसांचा कुणाला गं फायदा?”

“ड्रेसांचा नाही. चोर समई सोडून बॅग नेतो, म्हणजे त्याला बॅग नकोच आहे. ती कुठे पोहोचली तर माझं जाणं मोडतं?”

आक्कांनी कॉटकडे पाहिलं. घोरणं थांबलं.

केतकीने फोन लावला, आवाज मोठा करून. “आई, माझी बॅग आलीय का तिकडे?”

“आलीय,” नंदा म्हणाली. “बसवाल्याने आत्ताच दिली.”

“बाबा, उठा.”

भाऊजी उठून बसले. “चोरी नाही केली मी,” ते म्हणाले. “पार्सल केलं. पावती आहे.”

“झालं!” आक्कांनी कपाळाला हात लावला. “प्रस्थान परत फिरलं. मोडलं.”

मी पुण्याहून इतक्या लांब आलो होतो, वाद घालायला घसाही साफ केला होता. केतकीने मला हाताने थांबवलं. तिची प्रमाणपत्रं खांद्यावरच्या पिशवीत होती. सरळ उठून जाता आलं असतं. ती बापासमोर जमिनीवर बसली.

“पंचांग राहू द्या बाबा. तुम्ही तोंडाने म्हणा, जाऊ नकोस. एकदाच म्हणा. मी घरी येते.”

मी आक्कांकडे पाहिलं, आक्कांनी समईकडे. 

“तिथं प्रेतं दाखवतील तुला,” भाऊजी म्हणाले. “घरी आम्ही दोघंच राहू. नंदा आणि मी. काय बोलायचं आम्ही एकमेकांशी?”

“म्हणा ना, बाबा.”

त्यांनी चष्मा पुसला. मग खिशातून फोन काढून बसवाल्याला लावला.

“भिया, धारहून दोन सीटा आहेत ना, मामा-भाचीच्या? हां. मामाचं नाव काटो. बापाचं लिहा.”

अशा रीतीने मी बडतर्फ झालो. आक्कांनी बराच वेळ तोंड फिरवून ठेवलं. मग उठून दोघांच्याही तळहातावर दही घातलं. मोडलेल्या प्रस्थानावर दही चालतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. भाऊजी घरच्या चपलांत, आक्कांनी दिलेला टॉवेल काखेत घेऊन बसमध्ये चढले. गुडघा साफ बरा झाला होता.

त्यांची गाडी मी एकटाच देवासला परत आणली. नंदाने खिचडी वाढली. मी सगळी हकीकत नाट्यपूर्ण हातवाऱ्यांसकट सांगितली. ती जराही दचकली नाही.

“बॅग कुठाय?” मी विचारलं.

“समोरच्या काकूंकडे. बसवाल्याचा फोन येताच त्याला परस्पर तिकडेच पाठवलं. आपल्या उंबऱ्याच्या आत घेतलीच नाही.”

माझा घास हातातच राहिला. “म्हणजे प्रस्थान मोडलंच नव्हतं! मग फोनवर तसं बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर वन्सं म्हणाल्या असत्या, चला, निघा आता. आणि हे घोरत राहिले असते. वर्षभर. मला ते घोरणं ऐकायचं नव्हतं.” तिने तूप पुढे सरकवलं. “वन्संना सांगू नकोस हं, दादा.”

पुण्याच्या गाडीत मला झोप लागेना. ‘नाही’ म्हणायची हिंमत नसली, की आपण पंचांगाला पुढे करतो. आणि त्याच माणसाच्या तोंडून ‘हो’ वदवायचं, तर त्याच्या बायकोला पुरावा दडपून ठेवावा लागतो. हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो, ते केतकीला पहिल्या सुट्टीत विचारणार आहे. तक्रार मात्र कुणी करणार नाही.